बंद पडलेल्या जुन्या संगणकातून वडिलांची नाटके कशी काढावीत?

वैनगंगाकाठ:

सर्वांना नमस्कार. माझे वडील झाडीपट्टीतील (पूर्व विदर्भातील) नाट्यमंडळांसाठी नाटके लिहीत असत. दिवाळीनंतर मंडई (म्हणजे गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने आमच्याकडे गावोगावी रात्रभर नाटके चालतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडशातील दोन-तीन मंडळांनी वडिलांची मिळून अकरा नाटके केली. सगळी हस्तलिखिते वह्यांमध्ये होती. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचे पाणी ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावात शिरले, तेव्हा त्या वह्यांचा अक्षरशः लगदा झाला. मात्र त्याआधी काही वर्षे वडिलांनी ही नाटके एका बोटाने स्वतः टाइप करून संगणकावर ठेवली होती, आणि तो संगणक माळ्यावर असल्यामुळे त्याला पाणी लागले नाही.

हा संगणक २००६ साली घेतलेला असून त्यात विंडोज एक्सपी आहे. २०१७ नंतर तो कोणी सुरू केला नव्हता. गेल्या आठवड्यात खाली उतरवून, धूळ पुसून बटण दाबले, तर आतला पंखा अर्धा फेरा घेऊन थांबला आणि पडद्यावर काहीही आले नाही. तीन-चार वेळा करून पाहिले, प्रत्येक वेळी तेच झाले. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात नेला असता तेथील गृहस्थांनी डबा न उघडताच "हार्ड डिस्क गेली आहे, नवी टाकून विंडोज भरून देतो" असे सांगितले आणि जुनी डिस्क स्वतःकडेच ठेवून घेण्याची भाषा केली, म्हणून मी संगणक उचलून परत आणला. आमचे मेहुणे म्हणतात की डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्यास एकदा तरी चालते. वडिलांचे वय ८१ आहे आणि ते एवढेच सांगतात की, "माझी नाटके डी मध्ये आहेत," म्हणजे डिस्कच्या 'डी' नावाच्या भागात.

संगणक दुरुस्त झाला नाही तरी चालेल, मला फक्त त्यातील फाइली हव्या आहेत. हे काम घरी करता येण्यासारखे आहे का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनाटस्क्रू:

आपण संगणक परत आणलात हे फार बरे केले. मी नागपुरात वीस वर्षांहून अधिक काळ हेच काम करतो, त्यामुळे ठामपणे सांगतो की आपण वर्णन केलेले लक्षण हार्ड डिस्कचे नाही. हार्ड डिस्क पूर्ण मेलेली असली तरी सहसा संगणक सुरू होतो, पंखा फिरतो आणि पडद्यावर निदान 'डिस्क सापडत नाही' असा संदेश तरी येतो. पंखा अर्धा फेरा घेऊन थांबतो याचा अर्थ वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, काहीतरी गडबड ओळखून स्वतःला बंद करून घेतो आहे. त्या काळातील मदरबोर्डांवरचे (संगणकातील मुख्य पाटीवरचे) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी छोटी नळकांडी, फुगणे हे तर आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या रोजच्या ओळखीचे दुखणे होते. संगणकाचा डबा उघडून पाहिलात तर प्रोसेसरच्या शेजारी या नळकांड्यांची डोकी सपाट असण्याऐवजी फुगलेली किंवा तपकिरी डाग पडलेली दिसण्याची बरीच शक्यता आहे. डिस्क ही या सगळ्यापासून वेगळी वस्तू आहे. घराचा दरवाजा अडकला म्हणून कपाटातले कपडे जात नाहीत.

त्यामुळे आता बटण पुन्हा दाबू नका. बिघडलेल्या एसएमपीएसमधून डिस्कला विजेचा चुकीचा दाब मिळाला तर आज चांगली असलेली डिस्क उद्या खरोखरच जाईल. भिंतीतील पिन काढून ठेवा, डब्याच्या एका बाजूचे दोन स्क्रू काढून पत्रा सरकवा आणि पुढच्या भागात साधारण जाड पुस्तकाएवढी धातूची डिस्क दिसेल ती शोधा. एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र उघडू नका, कारण वायर काढल्यानंतरही त्याच्या आत धक्का बसण्याइतकी वीज शिल्लक असू शकते.

डिस्कच्या मागे दोन जोडण्या असतात, एक विजेची आणि एक माहितीची. माहितीची केबल पट्टीसारखी रुंद, राखाडी आणि कडेला लाल रेघ असलेली असेल तर ती आयडीई डिस्क आहे, तिला ४० पिना असतात. केबल बोटाच्या निम्म्या रुंदीची असेल तर ती साटा. २००६ चा काळ दोन्हींच्या संधीचा होता, म्हणून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. केबल काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर बाजारात यूएसबी ते आयडीई-साटा असा एकत्र अ‍ॅडॅप्टर मागा. तो घेताना सोबत विजेचा वेगळा अ‍ॅडॅप्टर आहे याची खात्री करून घ्या. लॅपटॉपची छोटी डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला ५ व्होल्टच्या जोडीला १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. निम्मे लोक नुसती केबल आणतात, डिस्क फिरत नाही म्हणून ती मेली असे ठरवतात आणि भंगारात देतात. आयडीई असल्यास मागच्या पिनांवरील इवलासा प्लास्टिकचा जंपर 'मास्टर' या जागी आहे का तेही पाहा, डिस्कच्या लेबलवर त्याची आकृती छापलेली असते.

वीज दिल्यावर डिस्कला कान लावा. एकसारखी घरघर आली तर आनंद. टक-टक-टक असा ठोका पडून थांबत असेल तर ताबडतोब बंद करा आणि येथे कळवा. फ्रीजरचा उपाय मात्र मेहुण्यांना नम्रपणे नाकारा. पूर्वी एखाद्याचे जमले असेल, परंतु थंड डिस्क बाहेर काढली की आतल्या तबकड्यांवर दव धरते, आणि ज्या तबकडीवर वाचणारे टोक केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावरून तरंगते तिच्यावर पाण्याचा थेंब म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

दुसरीप्रत:

जुनाटस्क्रू यांच्या प्रतिसादाला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी फक्त पुढच्या टप्प्याविषयी लिहितो, कारण डिस्क फिरू लागली की माणूस अधीर होतो आणि नेमके तेव्हाच नुकसान होते.

डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर लगेच फोल्डर उघडून एकेक फाइल पाहू नये. नऊ वर्षे माळ्यावर पडलेल्या डिस्कमध्ये किती ताकद उरली आहे ते ठाऊक नसते, म्हणून जेवढा वेळ ती चालेल तेवढ्यात संपूर्ण डिस्कची पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरील माहितीचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत हुबेहूब प्रत काढावी आणि पुढची सगळी शोधाशोध त्या प्रतीवर करावी. यासाठी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याची खुबी अशी की तो आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतो, अडखळणारा भाग बाजूला ठेवून पुढे जातो आणि शेवटी उरलेल्या तुकड्यांकडे पुन्हा वळतो. काय वाचले आणि काय राहिले याची नोंद तो एका वेगळ्या फाइलीत करतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू करता येते. भारनियमनाच्या दिवसांत याचे मोल आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

हा प्रोग्रॅम लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर, चालतो. उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर भरून आपला चालता लॅपटॉप त्यावरून सुरू करता येतो, लॅपटॉपमध्ये काहीही बसवावे लागत नाही. आज्ञा देताना मूळ डिस्क कोणती आणि प्रत कोठे जाणार आहे हे दोनदा वाचून पाहावे, उलटसुलट झाल्यास जुन्या डिस्कवरच लिहिले जाईल. प्रत ठेवण्यासाठी मूळ डिस्कपेक्षा अधिक मोकळी जागा हवी, आणि ज्या बाह्य डिस्कवर ती ठेवणार ती फाइली मांडण्याच्या एफएटी३२ या जुन्या पद्धतीची नसावी, कारण त्या पद्धतीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही.

विंडोजमध्ये डिस्क जोडलीत आणि 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' अशी चौकट आली, तर 'नाही' म्हणावे. 'डिस्कमधील चुका दुरुस्त करू का' असे विचारले तरीही 'नाही' म्हणावे. चेकडिस्क हा प्रोग्रॅम फाइलव्यवस्था सुसंगत करण्यासाठी आहे, त्या भरात तो आपल्या फाइलींचे तुकडे करायलाही कमी करत नाही.

ताकफुंकर:

मी स्वतः दुधाने पोळलेलो आहे म्हणून हे लिहितो. माझ्या डिस्कमधून ठोक्यांचा आवाज येत होता. एका दुकानदाराने माझ्यासमोर टेबलावर ती उघडली, वर पंखा सुरू होता, आणि आतल्या आरशासारख्या तबकडीवर त्यांनी बोटही ठेवले. मुलीच्या पहिल्या पाच वर्षांचे फोटो त्यात होते. नंतर खास प्रयोगशाळेत नेली तेव्हा त्यांनी भिंगाखाली तबकडीवरचा ओरखडा दाखवला आणि पैसे न घेता परत केली.

आवाज करणारी डिस्क फक्त धूळविरहित खोली असलेल्या ठिकाणीच उघडावी, तपासणीनंतर खर्चाचा आकडा लेखी घ्यावा, आणि फाइली न मिळाल्यास किती आकारणार हे आधी विचारावे. तशाच दुसऱ्या डिस्कवरील हिरवी पाटी (सर्किट बोर्ड) काढून हिला लावून देतो असे कोणी म्हणाले तर तेही नुसते तसे चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या पाटीवरील चिपमध्ये त्याच डिस्कच्या जुळणीचे आकडे नोंदलेले असतात आणि ती चिपही सोबत हलवावी लागते.

वैनगंगाकाठ:

आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. डबा उघडला. प्रोसेसरजवळची पाच नळकांडी खरोखरच फुगलेली आहेत, एकातून तर गुळाच्या पाकासारखे काहीतरी बाहेर येऊन वाळले आहे. डिस्क ८० जीबीची आणि आयडीई निघाली. भाचा नागपूरला शिकतो, त्याने सीताबर्डीवरून अ‍ॅडॅप्टर आणला. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा वडील शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. घरघर सुरू झाली आणि तशीच चालू राहिली.

भाच्याने लिनक्सवरून प्रत काढली. पहिले ७० टक्के काम दोन तासांत झाले आणि पुढे वेग इतका मंदावला की ते पूर्ण होण्यास रात्र आणि दुसरा अर्धा दिवस लागला. शेवटी काही केबी भाग वाचता आला नाही असे नोंदीत दिसते. प्रत उघडली असता सी भाग व्यवस्थित दिसतो, मात्र डी भाग उघडतच नाही, आणि नाटके डी मध्ये आहेत. अजून एक शंका अशी की डिस्कवर ८० जीबी लिहिलेले असताना विंडोज ती ७४.५ जीबीची सांगते, तर उरलेला भाग कोठे गेला?

दुसरीप्रत:

आधी सोपे उत्तर देतो. काहीही गेलेले नाही. कारखानदार एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो फरक आहे.

आता डी विषयी. न वाचलेला भाग नेमका डी च्या आरंभी आला असावा, असा माझा तर्क आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइली मांडण्याच्या पद्धतीत प्रत्येक भागाच्या पहिल्या सेक्टरमध्ये त्या भागाची कुंडली लिहिलेली असते, आणि तो एक सेक्टर वाचता आला नाही तर पुढचे सगळे शाबूत असूनही संगणकाला तो भाग कोरा वाटतो. पद्धत तयार करणाऱ्यांनी याची तजवीज करून ठेवली आहे: त्या सेक्टरची एक नक्कल त्याच भागाच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. 'टेस्टडिस्क' नावाचा मोफत प्रोग्रॅम ती नक्कल शोधून पहिल्या जागी बसवू शकतो. त्यासाठी काढलेल्या प्रतीची आणखी एक प्रत करावी आणि दुरुस्ती तिच्यावर करावी. मूळ डिस्क आता काढून ठेवावी, तिचे काम झाले.

टेस्टडिस्कने जमले नाही तर त्याचेच भावंड असलेला 'फोटोरेक' वापरता येईल. तो फाइलव्यवस्थेकडे न पाहता प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीच्या खुणेवरून तिला ओळखून बाहेर काढतो, पण फाइलींची नावे आणि फोल्डर हरवतात. म्हणजे अकरा नाटके हजारो अनामिक फाइलींत मिसळून मिळतील. म्हणून तो दुसरा पर्याय.

खिळेजुळारी:

चर्चा वाचत होतो. एक गोष्ट अजून कोणी विचारलेली नाही म्हणून मध्ये बोलतो. वडिलांनी नाटके कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केली होती? २००६ च्या सुमारास आमच्या विदर्भात युनिकोड (कोणत्याही संगणकावर सारखीच वाचता येणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) वापरणारे लोक बोटांवर मोजण्याइतके होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती, शिवाजी असे ज्याच्याकडे जे असेल ते तो वापरी. या फॉन्टांमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी नावाची गोष्टच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, त्यामुळे तोच फॉन्ट संगणकात नसेल तर फाइल सुखरूप मिळूनही पडद्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. माझ्याकडे अशा फाइली घेऊन आलेल्या कित्येकांनी 'फाइल खराब झाली' म्हणून त्या पुसून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत.

म्हणून सी भाग उघडतो आहे हे आपले भाग्य समजा. त्यातील विंडोज फोल्डरमधले फॉन्ट्स हे संपूर्ण फोल्डर आधी बाजूला काढून ठेवा. श्री-लिपीला त्या काळी संगणकाच्या मागे लावायचे एक छोटे लॉक असे. ते हरवले असले तरी काळजी नको, लॉक टाइप करण्याच्या सोयीसाठी लागे, नुसते वाचण्यासाठी फॉन्ट पुरतो. त्याच सी मध्ये 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरात वडिलांच्या नावाचा फोल्डर असेल, त्यातील डेस्कटॉपही पाहा. वयस्क माणसे सगळे डी मध्ये ठेवले असे सांगतात आणि निम्मे डेस्कटॉपवर सापडते. विंडोजमधून उघडताना परवानगी नाकारली तर घाबरू नका, लिनक्समधून तो अडथळा सहसा येत नाही.

वैनगंगाकाठ:

टेस्टडिस्कने शेवटची नक्कल शोधली आणि डी उघडला! भाच्याने रात्री साडेअकराला फोन केला तेव्हा मला आधी भलतीच शंका आली.

नाटकांच्या फाइली वर्डमध्ये आहेत, फक्त दोन पेजमेकरमध्ये (छपाईसाठी पाने लावण्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये) आहेत. ती दोन छापायची ठरली होती म्हणून छापखान्यातील मुलाने घरी येऊन लावून दिली होती. खिळेजुळारी यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. पहिली फाइल उघडली तेव्हा पानभर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे होती, वडील म्हणाले हे माझे नाही. फॉन्टचे नाव श्री-देव-०७०८ असे दिसत होते. फॉन्ट्सच्या फोल्डरातून तो शोधून बसवला, फाइल बंद करून पुन्हा उघडली, आणि 'अंक पहिला, प्रवेश पहिला, पाटलाचा वाडा' ही ओळ समोर आली. वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि 'पाटलाचा'मधील एक चूक लगेच दाखवली.

एकंदर नऊ नाटके पूर्ण आहेत, एकाचा फक्त पहिला अंक आहे, एक सापडलेच नाही. आता तीन प्रश्न उरले आहेत. पेजमेकरच्या दोन फाइली कशा उघडाव्यात? हे सगळे युनिकोडमध्ये कसे आणावे? आणि एका नाटकाच्या दुसऱ्या अंकाच्या तीन वेगवेगळ्या फाइली आहेत, त्यांतील शेवटची कोणती हे कसे ठरवावे? त्यांपैकी दोघींवर १ जानेवारी २००५ ही तारीख आहे, आणि आमचा संगणक तर २००६ मध्ये आला.

खिळेजुळारी:

पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली इनडिझाइन या नंतरच्या पाने लावण्याच्या प्रोग्रॅमच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये उघडतात, त्यानंतरच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या जुन्या डीटीपी केंद्रात अजूनही पेजमेकर चालू असलेला संगणक नक्की सापडेल. तेथे फाइलीसोबत फॉन्टही घेऊन जा आणि फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ करून आणा, म्हणजे निदान वाचण्याची कायमची सोय झाली. मजकूर वेगळा काढून घेणे त्यानंतर करता येईल.

युनिकोडसाठी परिवर्तक मिळतात, परंतु आपल्या फॉन्टच्या मालिकेचाच परिवर्तक हवा, आकृतीचा परिवर्तक श्री-लिपीला लावला तर खिचडी होते. नीट परिवर्तक लावला तरी प्रूफ तपासावेच लागते. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप केला जाई, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे, आणि परिवर्तक नेमका तेथे चुकतो. 'सूर्य', 'मर्जी', 'स्थिती' असे शब्द मुद्दाम शोधून पाहावेत. मूळ वर्ड फाइली परिवर्तनानंतरही टाकू नका.

जुनाटस्क्रू:

तारखेचे कोडे सोपे आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, तो संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. सेल संपला की प्रत्येक वेळी संगणक सुरू करताना घड्याळ मदरबोर्डमध्ये ठरवलेल्या आरंभीच्या तारखेवर जाते, आणि त्या दिवशी साठवलेल्या फाइलीवर तीच तारीख पडते. म्हणजे त्या दोन फाइली सर्वांत जुन्या वाटत असल्या तरी सेल संपल्यानंतरच्या, अर्थात बहुधा अखेरच्या काळातील आहेत. योग्य तारीख असलेली तिसरी फाइलच त्या तिघींत पहिली असावी. या दोघींमधील आधीची कोणती हे मात्र तारखेवरून कळणार नाही, ते मजकुरावरूनच ठरवावे लागेल.

वैनगंगाकाठ:

काल वडिलांना तिन्ही दुसरे अंक मोठ्या अक्षरांत छापून दिले. त्यांनी एक लगेच बाजूला ठेवला. त्यात खलनायकाच्या तोंडी गाणे आहे, आणि ज्या नटासाठी ते लिहिले होते तो पुढच्या हंगामात दुसऱ्या मंडळात गेला, त्यामुळे ते गाणे नंतर काढून टाकले होते. जुनाटस्क्रू यांच्या हिशेबाप्रमाणे योग्य तारीख असलेली फाइल हीच. उरलेल्या दोन अंकांवर ते लाल पेनाने खुणा करत बसले आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत असे म्हणतात.

सगळ्याच्या दोन प्रती केल्या, एक भाच्याकडे नागपूरला आणि एक येथे. जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. जंपर हरवू नये म्हणून तो चिकटपट्टीने तिच्याच पाठीवर लावला आहे. पेजमेकरच्या फाइली घेऊन सोमवारी वडशाला जातो आहे, तेथील एका छापखान्यात जुना संगणक चालू असल्याचे समजले.